कापडाची नळी आणि २,४७१ जखमा

गेल्या महिन्यात एक निवृत्त एस. टी. ड्रायव्हर सपत्नीक दवाखान्यात आले. वय अडुसष्ट. काही दिवसांपूर्वी मुतखड्याच्या संशयावरून मी त्यांना पोटाची सोनोग्राफी करायला सांगितली होती. खडा सापडला नाही, पण महाधमनीला फुगा आलेला दिसला. हृदयापासून निघून पोटातून खाली जाणारी ही मुख्य रक्तवाहिनी पोटात साधारण दोन सेंटिमीटर रुंद असते. यांची सहाच्या पुढे गेली होती. असा फुगा अचानक फुटला तर बहुतेक वेळा माणूस इस्पितळापर्यंत पोचतच नाही. मुलाने धावपळ करून त्यांना पुण्याला नेले, ऑपरेशन झाले, आणि आता टाके दाखवायला ते माझ्याकडे आले होते.

टाके छान भरले होते. मी बी.पी. पाहिले, गोळ्या लिहून दिल्या, तरी बाईंचा पाय दवाखान्यातून निघेना. शेवटी त्या म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, एक विचारू का? यांच्या पोटात कापडाची नळी बसवलीय म्हणतात. ते कापड आत कुजायचं नाही ना?"

मी म्हटले, "वहिनी, तुमच्या लग्नाच्या वेळचा यांचा एखादा टेरिलीनचा शर्ट असेल ना ट्रंकेत? तो कुजला का?"

"कुठला कुजतोय! बोहारणीला देते म्हटलं तर हे देऊ देत नाहीत."

"मग आतली नळीही त्याच जातीच्या धाग्याची आहे. निश्चिंत राहा."

त्या समाधानाने गेल्या. पण माझ्या मनात आले, की ज्या माणसाने हे कापड पहिल्यांदा माणसाच्या पोटात शिवले त्याचे नाव या नवरा-बायकोला ठाऊक असण्याचे कारण नाही, आणि खरे सांगायचे तर आम्हा डॉक्टरांपैकीही अनेकांना त्यांची पुरती ओळख नाही. आजचा लेख त्या सर्जनबद्दल आहे. त्यांचे नाव डॉ. मायकेल डिबेकी.

डिबेकींचा जन्म ७ सप्टेंबर १९०८ रोजी अमेरिकेच्या लुईझियाना राज्यातील लेक चार्ल्स या गावी झाला. आई-वडील लेबनॉनहून आलेले. वडिलांचे औषधांचे दुकान होते आणि तिथेच येणाऱ्या-जाणाऱ्या डॉक्टरांना पाहून मुलाला डॉक्टर व्हावेसे वाटू लागले. आई शिवणकामात तरबेज होती. तिने आपल्या मुलालाही शिवण शिकवले. मुलग्याच्या हाती सुई-दोरा म्हणजे त्या काळी तिकडेही नवलच असणार. पण पुढे याच शिवणाने वैद्यकशास्त्रात मोठे काम केले.

न्यू ऑर्लिन्सच्या ट्युलेन विद्यापीठातून १९३२ साली ते डॉक्टर झाले. त्याच सुमारास त्यांनी रक्त पुढे ढकलणारा एक साधा पंप सुधारून वापरात आणला. रबरी नळीवरून गोल फिरणारे रूळ, ते नळी दाबत जातात आणि आतले रक्त पुढे सरकते. उसाच्या चरकाची आठवण व्हावी असे हे यंत्र, फक्त इथे रस काढायचा नाही, रक्ताला धक्का न लावता पुढे न्यायचे. डिबेकींनी तो रक्त चढवण्यासाठी वापरला. पुढे १९५३ मध्ये डॉ. जॉन गिबन यांनी हृदय थांबवून ऑपरेशन करण्याच्या यंत्राने पहिले यशस्वी ऑपरेशन केले, तेव्हा त्या यंत्रात रक्त फिरवण्यासाठी हाच रुळांचा पंप होता. आज डायलिसिसच्या मशीनवर जे गोल चाक फिरताना दिसते तेही याच तत्त्वावर चालते. आपल्यापैकी ज्यांच्या घरी डायलिसिसचा रुग्ण आहे त्यांनी पुढच्या वेळी त्या चाकाकडे जरूर पाहावे.

१९३९ साली डिबेकी आणि त्यांचे गुरू डॉ. ऑल्टन ऑक्सनर यांनी एक लेख प्रसिद्ध केला. फुफ्फुसाचा कॅन्सर वाढतो आहे आणि त्याचा सिगारेटशी संबंध असावा, असे त्यांनी त्यात मांडले. त्या काळी सिगारेट ओढणे सभ्यपणाचे लक्षण मानले जाई, डॉक्टर स्वतः ओढत असत. लोकांनी या दोघांची थट्टा केली. अमेरिकी सरकारचा धूम्रपानाच्या दुष्परिणामांवरचा अधिकृत अहवाल यायला १९६४ उजाडावे लागले. म्हणजे पंचवीस वर्षे. आमच्या ड्रायव्हरसाहेबांनी तीस वर्षे बिडी ओढली. महाधमनीच्या फुग्याचेही एक मोठे कारण धूम्रपान हेच आहे, आणि त्यांना नळी बसवावी लागली याचे मूळ बरेचसे त्या बिडीत आहे.

इथपर्यंत एका हुशार सर्जनची गोष्ट झाली. असे हुशार लोक जगात आणखीही झाले. मी डिबेकींना मानतो ते त्यांच्या पुढच्या कामासाठी.

दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि अमेरिका त्यात उतरली. १९४२ साली डिबेकी सैन्यात दाखल झाले आणि सर्जन जनरलच्या कचेरीत त्यांची नेमणूक झाली. तेथून १९४६ पर्यंत त्यांनी काम केले, कर्नलच्या हुद्द्यापर्यंत गेले आणि १९४५ मध्ये त्यांना लीजन ऑफ मेरिट हा सन्मान मिळाला. कचेरीतली नेमणूक ऐकून कुणाला वाटेल की हा माणूस टेबलामागे बसून राहिला. पण त्या टेबलावर जगभरच्या आघाड्यांवरून जखमी सैनिकांचे अहवाल येत होते, आणि हा माणूस ते वाचत होता, मोजत होता.

त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. जखमी सैनिक मागे मोठ्या इस्पितळात पोचेपर्यंत वेळ हातचा जातो. तेव्हा जखमीला सर्जनकडे नेण्याऐवजी सर्जनलाच जखमीकडे न्यावे. शल्यचिकित्सकांच्या फिरत्या तुकड्या आघाडीच्या जवळ न्याव्यात, तंबूतच ऑपरेशन करावे. या विचाराचे श्रेय एकट्या डिबेकींचे नाही, पण त्याला आकार देण्यात त्यांचा मोठा वाटा होता. पुढे कोरियाच्या युद्धात जी तंबूतली फिरती सर्जिकल इस्पितळे गाजली, ती यातूनच उभी राहिली.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. १९४६ साली डिबेकी आणि डॉ. सिमिओन यांनी महायुद्धातील धमन्यांच्या जखमांचा हिशोब प्रसिद्ध केला. एकूण २,४७१ जखमा. हातापायाची मोठी धमनी तुटली की रक्त थांबवण्यासाठी ती दोऱ्याने बांधून टाकायची, हीच तेव्हाची सर्वसाधारण पद्धत. बांधली की रक्तस्राव थांबतो, जीव वाचतो, पण खालच्या अवयवाला रक्त मिळत नाही. धमनी बांधलेल्यांपैकी सुमारे ४९ टक्के जणांचा हात किंवा पाय पुढे कापावा लागला. तुटलेली धमनी शिवून पुन्हा सांधण्याचा प्रयत्न फक्त ८१ जणांत झाला होता. त्यांच्यात हे प्रमाण सुमारे ३६ टक्के होते.

वाचकहो, या आकड्यांमागे काय आहे हे क्षणभर लक्षात घ्या. युद्ध जिंकलेले होते. मिरवणुका निघत होत्या. अशा वेळी सैन्याच्याच एका अधिकाऱ्याने लिहून ठेवले, की आमच्याकडे धमनी तुटून आलेल्या सैनिकांत हात-पाय गमावणाऱ्यांची संख्या एवढी होती आणि त्यांना दुसरा उपाय फारच थोड्यांना देता आला. तो का देता आला नाही, हेही सांगितले: जखमी माणूस उशिरा येत होता, जखमा मोठ्या आणि घाण झालेल्या असत, रणांगणावर बारीक शिवण करण्याची सोय नव्हती. धमनी बांधणे हा इलाज नव्हता, नाइलाज होता, हे त्या हिशोबाने दाखवून दिले.

हा हिशोब वाया गेला नाही. १९५० ते ५३ च्या कोरियाच्या युद्धात हेलिकॉप्टरने जखमी लवकर येऊ लागले, इस्पितळे जवळ होती, प्रतिजैविके होती, आणि तरुण सर्जन मंडळींनी धमन्या शिवायला सुरुवात केली. तेथील नोंदींत हात-पाय गमावण्याचे प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास आले. ४९ वरून १३. या फरकात जी माणसे येतात ती दोन पायांवर घरी गेली. शेतात गेली, कारखान्यात गेली, मुलांना खांद्यावर घेऊन जत्रेत गेली असतील.

आता मी एक गोष्ट सांगतो, ती सांगायला मला सोपी नाही.

पंचवीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळ्याचे दिवस होते. मी नुकतीच प्रॅक्टिस सुरू केली होती. संध्याकाळी जवळच्या खेड्यातल्या एका वीस वर्षांच्या मुलाला जीपमधून आणले. मोटरसायकल घसरून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर आदळली होती. गुडघा सुजून विचित्र दिसत होता, पण बाहेर फारसे रक्त नव्हते. मी जखम धुतली, दुखण्याचे आणि धनुर्वाताचे इंजेक्शन दिले, फळी लावून पाय बांधला, चिठ्ठी लिहिली आणि पुढे पाठवले. सगळे नीट केले असे मला वाटले. पुढे जिथे गेले तिथे हाडांचे डॉक्टर त्या रात्री नव्हते. तिथून दुसरीकडे. तिथे एक्स-रे निघाला, सकाळी प्लॅस्टर घालू असे ठरले. सकाळी पाऊल थंडगार आणि काळेनिळे होते. मुलाला मोठ्या शहरात नेले, तोवर चौदा तास उलटले होते. गुडघ्याच्या वर पाय कापावा लागला.

गुडघ्याच्या मागून जाणारी धमनी गुडघा निखळताना तुटली होती. आत तुटली म्हणून बाहेर रक्त नव्हते. पावलाच्या वरच्या बाजूला आणि घोट्याच्या मागे दोन ठिकाणी बोट ठेवले की नाडी लागते. ती त्या संध्याकाळी कुणीही पाहिली नाही. पहिला न पाहणारा मी होतो.

माझ्या चिठ्ठीवर मुलाचे नाव होते, वय होते, दिलेली इंजेक्शने होती. अपघाताची वेळ नव्हती. पावलाची नाडी नव्हती. त्यामुळे पुढच्या डॉक्टरला किती तास उलटले हे कळायचा मार्ग नव्हता. रक्तपुरवठा तुटलेल्या पायाचे स्नायू साधारण सहा तास तग धरतात, नंतर ते मरू लागतात. हे मी कॉलेजात शिकलो होतो, परीक्षेत लिहिलेही होते.

तो मुलगा आज जयपूर फूट लावून किराणा दुकान चालवतो. रस्त्यात भेटला की "राम राम डॉक्टर" म्हणतो. त्याने मला कधी दोष दिला नाही. त्याला बहुधा ठाऊकही नाही. डिबेकींच्या हिशोबाविषयी मी पुष्कळ नंतर वाचले, आणि ते २,४७१ आकडे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर एकच पाय होता.

तेव्हापासून माझ्या दवाखान्यात एक नियम आहे. अपघाताचा रुग्ण पुढे पाठवताना चिठ्ठीच्या पहिल्या ओळीत अपघाताची वेळ आणि दुसऱ्या ओळीत हातापायाची नाडी लागते की नाही, हे लिहायचे. दोन ओळी लिहायला अर्धा मिनिट लागत नाही.

असो. पुन्हा डिबेकींकडे वळू.

युद्ध संपल्यावर बहुतेक डॉक्टर आपापल्या गावी प्रॅक्टिसला परतले. डिबेकींनी आधी आणखी एक काम केले. सैनिकांच्या आजाराची आणि जखमांची लाखो कागदपत्रे पडून होती. ती रद्दीत जाऊ न देता, पुढची अनेक वर्षे त्या माणसांचे काय झाले याचा पाठपुरावा करता यावा, यासाठी संस्था उभी राहावी म्हणून ते झटले आणि ती उभी राहिली. सैन्याचे जे जुने वैद्यकीय ग्रंथालय होते त्याचे राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालय व्हावे यासाठीही त्यांनी नेटाने प्रयत्न केले. १९५६ साली तसा कायदा झाला. याच ग्रंथालयाची शोधसेवा आज पबमेड या नावाने जगभर मोफत मिळते. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातला डॉक्टर रात्री एखाद्या केसवर अडला, तर मोबाइलवर जगभरातले संशोधन शोधू शकतो. यामागे एका लष्करी सर्जनची कागद जपण्याची सवय आहे, हे आपल्याला सहसा माहीत नसते.

१९४८ मध्ये ते टेक्सासमधील ह्यूस्टनच्या बेलर वैद्यकीय महाविद्यालयात सर्जरीचे प्रमुख झाले आणि युद्धात धमन्यांविषयी जे पाहिले ते नागरी जीवनात आणले. मानेतील धमनीत चरबीचा थर साचून पक्षाघात होऊ शकतो. १९५३ साली त्यांनी एका रुग्णाची ती धमनी उघडून आतून साफ केली. असे ऑपरेशन जगात जे सर्वांत आधी यशस्वी झाले त्यांपैकी हे एक.

आणि मग ते कापड. महाधमनीचा फुगा कापून काढला तर त्या जागी बसवायचे काय, हा प्रश्न होता. मृत व्यक्तीच्या शरीरातून घेतलेली धमनी वापरून पाहिली, पण ती मिळणेही कठीण आणि टिकणेही कठीण. डिबेकी ह्यूस्टनच्या एका मोठ्या दुकानात नायलॉनचे कापड घ्यायला गेले. नायलॉन संपले होते. दुकानातल्या बाईने सांगितले, "डेक्रॉन म्हणून नवीन कापड आलंय, ते बघा." त्यांनी ते हातात घेऊन पाहिले, वारभर घेतले, आणि घरी बायकोच्या शिलाई मशीनवर बसून त्याच्या नळ्या शिवल्या. आईने शिकवलेले शिवण असे उपयोगी पडले. प्राण्यांवर प्रयोग करून झाल्यावर १९५४ मध्ये त्यांनी ती नळी पहिल्यांदा माणसाच्या महाधमनीच्या जागी बसवली. कापडाच्या जाळीत हळूहळू शरीराच्याच पेशी वाढतात आणि नळी अंगची होऊन जाते. आपण ज्याला टेरिलीन म्हणत आलो त्याचेच डेक्रॉन हे अमेरिकी नाव. वहिनींना मी दिलेले उत्तर त्यामुळे थट्टेचे नव्हते.

पुढे पायातील शीर काढून हृदयाला बायपास करण्याचे ऑपरेशन त्यांच्या चमूने १९६४ साली केले. १९६६ मध्ये थकलेल्या हृदयाला मदत करणारा पंप त्यांनी एका स्त्रीला लावला. दहा दिवसांनी तो काढला आणि ती बरी होऊन घरी गेली. साठ हजारांहून अधिक ऑपरेशने त्यांच्या नावावर सांगितली जातात. १९९६ मध्ये रशियाचे अध्यक्ष येल्तसिन यांच्या बायपासच्या वेळी सल्ल्यासाठी त्यांनाच बोलावले होते. तेव्हा त्यांचे वय अठ्ठ्याऐंशी होते. ऑपरेशन मात्र रशियन सर्जननेच केले, आणि ते तेच करू शकतात असा निर्वाळा डिबेकींनी दिला होता.

कुणी म्हणेल, डॉक्टर नुसती आरती ओवाळताहेत. तसे नाही. हा माणूस तापट होता. हाताखालचे तरुण डॉक्टर त्यांना चळचळा कापत. १९६९ साली त्यांचे एकेकाळचे सहकारी डॉ. डेंटन कूली यांनी, डिबेकींच्या प्रयोगशाळेशी संबंधित कृत्रिम हृदय त्यांच्या परवानगीवाचून एका रुग्णाला बसवले. त्यावरून जे वैर जडले ते २००७ पर्यंत मिटले नाही. एकाच शहरातले, एकाच आवारातले जगातले दोन उत्तम हृदय-सर्जन जवळजवळ चाळीस वर्षे एकमेकांशी बोलले नाहीत. दोष कुणाचा कितीही असो, एवढी वर्षे दोघांनी एकमेकांचे अनुभव वाटून घेतले असते तर रुग्णांचे भलेच झाले असते. आपल्याही गावात समोरासमोर दवाखाने थाटून एकमेकांशी न बोलणारे डॉक्टर असतात, आणि त्यांच्या अबोल्याची किंमत रात्री दोन वाजता आलेला रुग्ण मोजतो. मोठ्या माणसाच्या चुकीतूनही शिकता येते ते असे.

शेवटचा प्रसंग तर कादंबरीत शोभावा असा. २००५ च्या ३१ डिसेंबरला, सत्त्याण्णव वर्षांचे डिबेकी घरी असताना त्यांच्या छातीत आणि मानेत भयंकर कळ आली. महाधमनीचा आतला पदर फाटला आहे, हे त्यांनी स्वतःच ओळखले. या आजाराचे प्रकार ज्या वर्गवारीने आम्ही ओळखतो तिला डिबेकींचेच नाव आहे. त्यांनी आधी ऑपरेशनला नकार दिला. प्रकृती खालावून शुद्ध हरपू लागली तेव्हा पत्नीने आग्रह धरला. एवढ्या वयात ऑपरेशन करावे की नाही यावर इस्पितळाच्या नीतिविषयक समितीत चर्चा झाली. अखेर फेब्रुवारी २००६ मध्ये त्यांच्याच शिष्यांनी, त्यांनीच शिकवलेल्या पद्धतीने त्यांना डेक्रॉनची नळी बसवली. ते बरे झाले आणि ऑपरेशन केल्याचा आपल्याला आनंदच आहे असे म्हणाले. आपली विद्या शिष्याला मनापासून दिली तर ती एखादे दिवशी आपल्याच उशाशी उभी राहते.

११ जुलै २००८ रोजी, शंभरी पुरी व्हायला दोन महिने असताना ते गेले. त्याच वर्षी त्यांना अमेरिकी काँग्रेसचे सुवर्णपदक मिळाले होते. राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्यपदक तर १९६९ मध्येच मिळाले होते. सैनिक म्हणून त्यांचे दफन आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत झाले. ज्यांच्या जखमा त्यांनी मोजल्या, त्यांच्याच शेजारी.

अशा माणसाचा सन्मान कसा करायचा? पदके देणाऱ्यांनी दिली. आपल्या जिल्ह्यात बसून आपण काय करू शकतो? मला वाटते, त्यांनी केलेला हिशोब आपण आपल्या रस्त्यांवर करू शकतो. आपल्याकडे युद्ध नाही, पण हायवे आहे, उसाच्या ट्रॉल्या आहेत, मळणीयंत्रे आहेत. दर हंगामात हात-पाय जातात. हे जखमी ऑपरेशनच्या टेबलावर किती तासांनी पोचतात, कुठल्या ठिकाणी किती वेळ अडकतात, याची एक वही प्रत्येक सरकारी आणि खाजगी इस्पितळाने ठेवावी, आणि वर्षातून एकदा सर्व डॉक्टरांनी एकत्र बसून ती उघडावी. कुणाला फासावर चढवण्यासाठी ही वही नको. १९४६ च्या त्या हिशोबातही कुणाला शिक्षा करा असे म्हटले नव्हते. वेळ कुठे गेला हे कळले तरच तो वाचवता येतो. मेडिकल असोसिएशनच्या बैठकीत मी हा विषय मांडणार आहे. मंडळी हसली तर हसू देत. ऑक्सनर आणि डिबेकींनाही लोक हसलेच होते.

आणि वाचकांसाठी चार गोष्टी. जखमेतून रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी ठेवून हाताने घट्ट दाबून धरा, सारखी उचलून पाहू नका. सुतळी किंवा वायर आवळून बांधू नका, त्याने खालचा अवयव जाऊ शकतो. दाबूनही रक्त थांबत नसेल आणि जीवच धोक्यात असेल, तरच जखमेच्या वर रुंद पट्टा घट्ट बांधावा आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवावी. दुसरे, अपघाताची वेळ लक्षात ठेवा आणि प्रत्येक डॉक्टरला न विचारता सांगा. तिसरे, मार लागलेल्या पायाचे पाऊल दुसऱ्या पावलापेक्षा थंड, पांढरे किंवा बधिर वाटले तर डॉक्टरांना "नाडी बघा" असे स्पष्ट म्हणा. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येणार नाही. आला तरी म्हणा. चौथे, १०८ ला फोन करा. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. जखमीला मदत करणाऱ्याला पोलिसांचा ससेमिरा नको, यासाठी २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यात संरक्षण दिलेले आहे. तेव्हा बघ्यांच्या गर्दीत उभे राहून वेळ घालवू नका.

शिवाय एक आगाऊ सूचना. पासष्टी ओलांडलेल्या आणि आयुष्यात कधीही बिडी-सिगारेट ओढलेल्या पुरुषांनी एकदा पोटाची सोनोग्राफी करून महाधमनी मोजून घ्यावी. फुगा लहान असेल तर नुसते लक्ष ठेवता येते. साधारण साडेपाच सेंटिमीटरपर्यंत गेला तर ऑपरेशनचा विचार करावा लागतो.

ड्रायव्हरसाहेब परवा पुन्हा आले होते. बिडी सोडली का, असे मी विचारले. ते काही बोलायच्या आत वहिनींनीच सांगितले, "सोडली म्हणतात. मी खिसे बघतेय रोज." त्यांचे बी.पी. १३० वर ८० होते. मी ते कार्डावर लिहिले, खाली तारीख घातली, आणि सवयीने वेळही.